चेहरा वाचला, चॅपेल गेलं

इंग्लंडात किंवा वेल्समध्ये एखादं जुनं चॅपेल, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनागृह, विक्रीला निघालं की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक पक्ष म्हणतो, ही गावाची ओळख आहे, तिला हात लावायचा नाही. दुसरा विचारतो, रविवारी उपासनेला मोजकी म्हातारी माणसं येतात, छप्पर गळतंय, खर्च कोण करणार? बैठका होतात, हरकतींचा ढीग पडतो आणि शेवटी तोडगा निघतो : दर्शनी भिंत जशीच्या तशी ठेवायची, आत मजले घालून फ्लॅट करायचे. वारसा राखला म्हणून एक पक्ष खूश, इमारत वापरात आली म्हणून दुसरा. माझ्या मते हा तोडगा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असतो. चॅपेल म्हणजे आतली खोली. तिची लांबी-रुंदी-उंची, तिच्यातली गॅलरी आणि या सगळ्याचा प्रवचनपीठाशी असलेला हिशोब, हीच त्या इमारतीची वास्तुकला. खोली कापून दर्शनी भिंत राखली तर रस्त्याची शोभा तेवढी वाचते. म्हणून ‘उपासना की घरं’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. विचारायला हवं ते एवढंच, की नव्या वापरात ती खोली एकसंध राहते का?

हे पटायला या इमारती कशा जन्मल्या ते पाहावं लागतं. १६६२ साली इंग्लंडच्या राजसत्तेने अधिकृत चर्चचं प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं. ते न मानणारे सुमारे दोन हजार धर्मोपदेशक चर्चमधून बाहेर काढले गेले. न जुमानणारे ते नॉनकॉन्फर्मिस्ट : प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, क्वेकर आणि पुढे युनिटेरियन, मेथडिस्ट. १६६४ च्या कायद्याने तर घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी वेगळ्या उपासनेसाठी जमणं हाच गुन्हा ठरवला. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने सभागृहाची नोंद करून उपासना करायची मुभा दिली, तीही अटींसह. सभा चालू असताना दाराला कडी किंवा कुलूप असता कामा नये, ही त्यातली एक अट. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियनांना ही मुभा मिळायला १८१३ साल उजाडलं. मुभा मिळाली म्हणून भीती गेली असंही झालं नाही. १७१० साली लंडनमध्ये जमावाने या लोकांची सभागृहं फोडली, बाक आणि प्रवचनपीठं बाहेर ओढून त्यांची होळी केली. १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये पुन्हा तेच झालं. अशा काळात बांधलेली सभागृहं बाहेरून घरासारखी किंवा कोठारासारखी दिसतात, याचं नवल कशाला वाटावं? काही तर खरोखरच कोठारं होती. वेल्समधलं मेसिरॉनेन हे १६९० च्या दशकातलं चॅपेल शेतघराला लागून असलेल्या जुन्या इमारतीतून घडवलेलं आहे. पेन-रिऊ हे १७७७ साली युनिटेरियनांनी घेतलेलं कोठार. या लोकांकडे बाहेर मिरवण्याजोगं काही नव्हतं आणि मिरवायची सोयही नव्हती. जी काही बुद्धी लावली ती आत लावली.

मराठी वाचकाला ही परंपरा अगदीच परकी नाही. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल पंथाचंच, म्हणजे याच घराण्यातलं. रेव्हरंड ना. वा. टिळक त्याच मिशनचे. नगरकडच्या त्या मंडळ्या पुढे १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. वेदीपेक्षा वचनाला आणि गायनाला मान देणारी उपासना महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात मुरलेली आहे, तिचं एक मूळ या सभागृहांपर्यंत जातं.

आता ती बुद्धी आत कशी लावली ते पाहू. अधिकृत चर्चच्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, लांबलचक दालनाच्या टोकाला वेदी असते आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. नॉनकॉन्फर्मिस्टांच्या उपासनेचा गाभा प्रवचन आणि सामूहिक गायन. प्रत्येकाला शब्दन् शब्द ऐकू आला पाहिजे आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, ही पहिली गरज. ध्वनिवर्धक नसताना माणसाचा आवाज किती लांब पोचतो? ख्रिस्तोफर रेन यांनी १७११ च्या सुमारास लंडनच्या नव्या चर्चसाठी हा हिशोब मांडला होता : मध्यम आवाजाचा वक्ता समोर ५० फूट, दोन्ही बाजूंना ३०-३० फूट आणि मागे २० फुटांपर्यंत नीट ऐकू येतो. रेन अधिकृत चर्चचे स्थापती, पण आवाज कुठल्या पंथाचा नसतो. या आकड्यांवरून काय निघतं ते बघा. लांबट दालनाच्या टोकाला वक्ता उभा केला तर बाजूची ऐकू येणारी जागा वाया जाते आणि मागच्या रांगा आवाजाबाहेर जातात. म्हणून जुन्या चॅपेलांनी प्रवचनपीठ टोकाची भिंत सोडून लांब भिंतीच्या मध्यावर आणलं. उरलेल्या तीन बाजूंना गॅलरी केली. त्यामुळे त्याच पन्नास फुटांच्या आत कितीतरी जास्त माणसं बसू लागली, आणि गॅलरीतल्या माणसाचं अंतर खालच्या मागच्या रांगेपेक्षा बऱ्याचदा कमीच भरतं.

ही योजना बाहेरूनही वाचता येते. लांब भिंतीच्या दोन टोकांना दोन दारं, मध्ये दोन उंच, अर्धगोल माथ्याच्या खिडक्या. त्या दोन खिडक्यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, प्रवचनपीठ. गॅलरी त्या भिंतीवर नसते म्हणून तिथेच खिडक्या उंच. बाकीच्या भिंतींना गॅलरीखाली एक आणि वर एक अशा बुटक्या खिडक्यांच्या दोन रांगा. वेल्समध्ये प्रवचनपीठासमोर ‘सेट वाउर’ म्हणजे मोठं आसन असतं : कठड्याने वेढलेली जागा, तिच्यात डीकन मंडळींची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांची, बाकं आणि साधं मेज. प्रभुभोजन याच मेजावरून दिलं जातं. समोरच्या गॅलरीच्या दर्शनी पट्टीवर घड्याळ, प्रवचनकाराला दिसेल असं. गॅलरीतली बाकं पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. तिला आधार देणारे खांब आधी लाकडाचे होते. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंड आलं तसे ते मनगटाएवढे बारीक झाले, कारण जाड खांबाआड बसलेल्याला प्रवचनकार दिसत नाही. छताला मधोमध गिलाव्याचं जाळीदार फूल असतं, ते नुसतं नक्षीकाम नसतं. शेकडो माणसं आणि गॅसचे दिवे यांनी तापलेली हवा त्या जाळीतून वर, तिथून माळ्यात आणि कौलांच्या कण्यावरच्या झरोक्यातून बाहेर जायची. यातला एकही भाग दुसऱ्यापासून सुटा करता येत नाही.

हा हिशोब त्या लोकांनी डोळसपणे केला होता याला पुरावा आहे. नॉरिचचं अष्टकोनी चॅपेल थॉमस आयव्हरी यांनी १७५४ ते १७५६ या काळात प्रेस्बिटेरियनांसाठी बांधलं. आठ उंच खांबांवर पेललेलं छत, खांबांच्या मधून फिरणारी गॅलरी आणि कुठेही बसलं तरी वक्ता फार लांब नाही. १७५७ साली मेथडिस्टांचे नेते जॉन वेस्ली तिथे गेले. एवढी देखणी इमारत युरोपात बहुधा दुसरी नसेल असं त्यांनी लिहिलं, आणि लगेच शंकाही काढली की इतक्या नाजूक जागी साधी, रांगडी सुवार्ता शिरेल कशी? पण आकार त्यांच्या मनात बसला. पुढे मेथडिस्टांच्या नियमांत शिफारस आली की जागा असेल तिथे प्रवचनगृह अष्टकोनी बांधावं, आवाजाला तो आकार सर्वांत चांगला. यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचं १७६४ सालचं अष्टकोनी चॅपेल त्याच काळातलं.

आणि दर्शनी भिंत? ती बहुतेक ठिकाणी नंतर आली. स्टोक-ऑन-ट्रेंटमधलं हॅन्लीचं बेथेस्डा चॅपेल घ्या. मेथडिस्ट न्यू कनेक्शन पंथाचं हे चॅपेल १८१९ साली उभं राहिलं. कुंभारकामाच्या त्या शहरात दोन हजारांहून जास्त लोक मावतील एवढं ते मोठं, आत अखंड फिरणारी गॅलरी. आज छायाचित्रांत दिसणारी त्याची खांबांची, गिलाव्याची भपकेदार पुढची बाजू १८५९ सालची, रॉबर्ट स्क्रिव्हनर यांची. म्हणजे खोली चाळीस वर्षं आधीची. वेल्समध्येही तेच. लँडोरचे थॉमस थॉमस हे स्वतः काँग्रिगेशनल पाळक आणि चॅपेलांचे स्थापतीही. त्रिकोणी माथ्यात घुसणारी भलीमोठी कमान त्यांनी इतक्या ठिकाणी वापरली की ती वेल्श चॅपेलची खूण होऊन बसली. स्वान्सीजवळच्या मॉरिस्टनचं टॅबर्नॅकल म्हणजे या ऐश्वर्याचा कळस. जॉन हम्फ्री यांनी आखलेलं, १८७२ साली पुरं झालेलं, मनोऱ्यासकट, सुमारे १४५० लोकांची बैठक असलेलं आणि पंधरा हजार पौंडांहून जास्त खर्चाचं. तांबं आणि टिनपत्र्याच्या कारखान्यांच्या त्या गावात हा खर्च कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून उभा राहणं ही मोठी गोष्ट आहे, तिचा अभिमान रास्तच आहे. पण तिथेही मनोरा आणि खांब रस्त्यासाठी. आत मात्र तीच जुनी मांडणी : गॅलरी, प्रवचनपीठ, मोठं आसन.

टीकाकार म्हणत आले आहेत की ही चॅपेलं पुढून देऊळ आणि बाजूने गोदाम. वर्णन खरं आहे. बाजूच्या भिंती ओबडधोबड दगडाच्या किंवा साध्या विटांच्या असतात, त्यांना कोणी सजवलेलं नसतं. पण या टीकेतून नकळत माझाच मुद्दा सिद्ध होतो. इमारतीचा चेहरा ही सुटी, शेवटी चढवलेली, बदलता येणारी गोष्ट होती. तर मग सगळं सोडून नेमकी तीच राखायची हा कुठला न्याय?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा खुद्द याच परंपरेतून येतो. नॉनकॉन्फर्मिस्टांच्या दृष्टीने चर्च म्हणजे माणसं. इमारत पवित्र नाही. प्रवचनगृह साधं आणि नीटनेटकं असावं, अगदी अटळ असेल त्याहून जास्त खर्च करू नये, नाहीतर पैसा उभारण्यासाठी श्रीमंत माणसं आपल्याला आवश्यक होऊन बसतील, असा इशारा वेस्लींच्या नियमांतच आहे. शिवाय या लोकांनी स्वतःच आपल्या इमारती किती वेळा पाडल्या! वेल्समधल्या चॅपेलांच्या माथ्यावरचे शिलालेख वाचा : अमुक साली बांधलं, तमुक साली वाढवलं, त्यानंतर पुन्हा नव्याने बांधलं. हेप्टनस्टॉलचा अष्टकोनसुद्धा १८०२ साली एका बाजूने उघडून लांब केलेला आहे. मग ज्यांनी बांधल्या त्यांनाच ज्यांची माया नव्हती, त्या इमारती आपण गोठवून का ठेवायच्या?

‘काहीही बदलू नका’ म्हणणाऱ्यांना हा मुद्दा पुरता गप्प करतो आणि तसं व्हायलाच हवं. पण त्या सगळ्या बदलांत काय टिकलं? हेप्टनस्टॉल लांबवलं ते जास्त माणसांना ऐकता यावं म्हणून. गॅलरी राहिली, मोकळी खोली राहिली. एकोणिसाव्या शतकात दार लांब भिंतीतून आखूड भिंतीत गेलं, प्रवचनपीठ समोरच्या टोकाला सरकलं, ऑर्गन आला. खोली एकच राहिली. म्हणजे बदलाची परवानगी देणाऱ्या या परंपरेने स्वतःच मर्यादा आखून दिली आहे. ती पाळून केलेला बदल परंपरेला धरून आहे. खोलीचे बारा तुकडे करणं तिच्यात बसत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. एकट्या वेल्समध्ये सहा हजारांहून जास्त चॅपेलं बांधली गेल्याची नोंद आहे. पंथापंथांत चढाओढ होती, एका पंथातही फाटाफूट व्हायची, छोट्या गावात चार-चार चॅपेलं उभी राहायची. १८५१ च्या धर्मगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये उपासनेला गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे नॉनकॉन्फर्मिस्ट होते, वेल्समध्ये तर मोठं बहुमत. ती माणसं आता नाहीत. सगळ्या इमारती वाचवा म्हणणं म्हणजे एकही न वाचवणं. मला हे पूर्ण मान्य आहे. बहुसंख्य चॅपेलांची मोजमापं घेऊन, छायाचित्रं काढून त्यांना निरोप द्यावा लागेल, काहींची घरं होतील आणि त्यात पाप नाही. ज्याच्या आतलं काम पन्नास वर्षांपूर्वीच उखडलेलं आहे, त्याचे फ्लॅट करा. पण मग निवड कशावर करायची? आज ती बहुतेक रस्त्यावरून होते. भव्य चेहऱ्याचं पण आतून पोखरलेलं चॅपेल यादीत राहतं, आणि साध्या चेहऱ्याचं, आत दोनशे वर्षांपूर्वीची पेटीवजा बाकं, गॅलरी आणि प्रवचनपीठ जसंच्या तसं असलेलं चॅपेल निसटतं. संख्या जास्त आहे म्हणूनच निकष नेमका हवा. संग्रहालयात हलवा हा पर्यायही अपवादालाच पुरतो. पेन-रिऊ उचलून कार्डिफजवळच्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात १९५६ साली पुन्हा उभं केलं, ते उत्तम झालं. पण ते लहान कोठार होतं. मॉरिस्टनचं टॅबर्नॅकल कोण उचलणार?

तिसरा आणि सर्वांत जड मुद्दा : रिकामी इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर मरते. फ्लॅट झाले तर निदान छप्पर तरी टिकतं, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. चॅपेल कसं मरतं हे पाहिलं की ही भीती कळते. सुरुवात पन्हाळीपासून होते. कठड्यामागची किंवा दोन उतारांमधली शिशाची पन्हाळ पानांनी तुंबते, पाणी उलटं भिंतीत उतरतं. स्लेट तशी शतकानुशतकं टिकते, पण तिचे लोखंडी खिळे गंजतात आणि स्लेटा एकेक करून घसरतात. छताच्या कैच्यांची आणि गॅलरीच्या तुळयांची टोकं नेमकी त्याच ओल्या भिंतीत रोवलेली असतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला आणि हवा खेळत नसली की सुकी कूज म्हणतात ती बुरशी लागते. तिचे तंतू दगडी भिंतीतून आरपार जाऊन पलीकडचं कोरडं लाकूडही गाठतात. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला. त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यात शेगडी बंद, खिडक्या बंद आणि बाहेर माती चढून लाकडी जमिनीखालचे झरोके बुजलेले. चार-पाच हिवाळ्यांत गॅलरी धोकादायक ठरते. धोकादायक ठरली की ती काढून टाकायला कारण मिळतं.

पण यावर औषध फ्लॅटच का? वर सांगितलेल्या बिघाडांपैकी पहिले सगळे पन्हाळी, खिळे आणि झरोके यांच्याशी निगडित आहेत. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि वसंतात, पन्हाळी साफ करणं, घसरलेली स्लेट तेवढ्यापुरती बसवणं, झरोक्यांपुढची माती काढणं, खिडक्यांच्या वरच्या झडपा किंचित उघड्या ठेवणं आणि कुणीतरी महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन गॅलरीखाली फिरून येणं, या खर्चाला विकासक लागत नाही. उपासना बंद होणं आणि नवा वापर ठरणं यांत बऱ्याचदा काही वर्षं जातात आणि याच वर्षांत कुणीच जबाबदार नसतं. इमारत मरते ती या पोकळीत.

आणि फ्लॅटसाठी नेमकं काय करावं लागतं हे एकदा नीट समजून घ्या. गॅलरीच्या पातळीवर आरपार नवा मजला येतो, उंची असेल तर त्याच्या वर आणखी एक. तो पेलायला पोलादी तुळया लागतात; त्यांच्यासाठी जुन्या भिंतीत खोबणी पाडायची किंवा आत स्वतंत्र सांगाडा उभा करायचा. प्रवचनपीठामागच्या उंच खिडक्या या मजल्याने मधोमध कापल्या जातात : खालच्या घराला खिडकीचं धड, वरच्याला कमान. प्रत्येक घर आगीपासून आणि आवाजापासून वेगळं करायचं म्हणून गॅलरीची पट्टी, बाकं, खांब सगळं जाडजूड तक्त्यांआड जातं किंवा भंगारात. छताचं फूल कुणाच्या तरी न्हाणीघरावर अर्धं राहतं. स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं ओलावा सोडतात, त्यांचे पंखे भिंतीतून बाहेर काढावे लागतात. गाड्या उभ्या करायला जागा हवी, आणि चॅपेलभोवतीची मोकळी जागा बहुधा कबरस्तान असते. तिथले अवशेष हलवायला न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. हे सगळं झाल्यावर पुन्हा कधीही ती खोली परत मिळवता येत नाही. एखाद्या सभागृहाचं ग्रंथालय झालं तर उद्या त्याचं पुन्हा सभागृह करता येतं. बारा मालकांचे बारा फ्लॅट कोण परत जोडणार?

मग विकासक फ्लॅटच का करतात? कारण पैशाची सगळी चाकं त्याच दिशेने फिरतात. ब्रिटनमध्ये जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आहे. बिगर-निवासी इमारतीचं घरांत रूपांतर करायचं असेल तर बऱ्याचशा कामांवर पाच टक्के. म्हणजे खोली राखणाऱ्याला दंड आणि कापणाऱ्याला सवलत. उपासनेच्या वारसा-इमारतींना दुरुस्तीवरचा व्हॅट परत देणारी योजना २००१ पासून होती. तिच्यावरही २०२५ मध्ये एका इमारतीला वर्षाला पंचवीस हजार पौंडांची मर्यादा आली. मोठ्या छपराच्या कामात ती पहिल्याच टप्प्यात संपायची. विश्वस्तांनाही दोष देता येत नाही. धर्मादाय संस्थेची मालमत्ता विकताना चांगली किंमत मिळवणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि फ्लॅटवाल्याची बोली बहुतेक वेळा वरची असते. अधिकृत चर्चच्या वापरातून गेलेल्या इमारतींसाठी १९६९ पासून सरकारी मदतीवर चालणारा न्यास आहे आणि त्याच्याकडे साडेतीनशेच्या वर चर्चेस आहेत. नॉनकॉन्फर्मिस्ट आणि इतर पंथांसाठी इंग्लंडात १९९३ साली वेगळा न्यास निघाला. त्याची मजल वीसच्या आसपास इमारतींपर्यंत गेली आणि पुढे नव्या इमारती घेणंच थांबलं. वेल्समधल्या अशाच न्यासाकडे दहाएक. ही विषमता एका जुन्याच भेदाचं आजचं रूप आहे. १६६२ साली ज्यांना दाराबाहेर काढलं, त्यांच्या इमारती वारशाच्या हिशोबातही अजून दाराबाहेरच आहेत.

खोली राखून वापर होतो का? लंडनच्या इस्लिंग्टनमधलं युनियन चॅपेल पाहा. जेम्स क्युबिट यांनी काँग्रिगेशनल मंडळीसाठी आखलेलं, १८७७ सालचं. प्रत्येकाला वक्ता दिसावा आणि ऐकू यावा म्हणून आतली जागा अष्टकोनी केलेली. १९८० च्या दशकात ते पाडायची भाषा चालू होती. आज तिथे संगीताच्या मैफली होतात, बेघरांसाठी काम चालतं आणि मंडळीची उपासनाही चालू आहे. मैफलींसाठी ते का चालतं? कारण न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठीच ती जागा बांधलेली आहे. मँचेस्टरचा अल्बर्ट हॉल हे १९१० सालचं वेस्लियन मेथडिस्ट सभागृह. वरचं नालाकृती गॅलरीचं दालन कित्येक दशकं बंद होतं, २०१३ मध्ये ते संगीतासाठी उघडलं. गॅलरी अडचण नव्हती, तीच त्या जागेची किंमत ठरली.

इतिहासातलं याहून मोठं उदाहरण लंडनच्या ब्रिक लेनवर उभं आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट प्रोटेस्टंटांनी १७४३ साली तिथे प्रार्थनागृह बांधलं. १८१९ पासून ते मेथडिस्टांचं चॅपेल झालं, १८९८ च्या सुमारास ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६ पासून ती बांगलादेशी मुसलमानांची जामे मशीद आहे. भाषा बदलली, ग्रंथ बदलला, बसण्याची दिशा बदलली. तरी इमारत चौघांना चालली, कारण चौघांची गरज एकच होती : पुष्कळ माणसांनी एका जागी जमून ऐकणं. नव्याने येणाऱ्या समाजांची ती गरज ब्रिटनच्या शहरांत आज कमी झाली आहे का? भारतीय, आफ्रिकी, कॅरिबियन मंडळ्या शाळांचे हॉल आणि औद्योगिक गाळे भाड्याने घेत फिरतात, आणि हजार माणसांची तयार खोली आठ घरांत वाटली जाते.

सगळ्या खोल्यांना मैफली मिळणार नाहीत, हे उघड आहे. डोंगरातल्या गावात दर आठवड्याला कोण तिकीट काढणार? तिथे अपेक्षा लहान ठेवावी लागते. एक घर, एक कार्यशाळा, एक गिर्यारोहणाची भिंत, एक ग्रंथालय, गावाचा हॉल, काहीही चालेल. अट एकच की मजला आरपार घालायचा नाही. खालची बाकं काढावी लागतील, तर काढा. गॅलरीतली बाकं, तिची दर्शनी पट्टी, प्रवचनपीठ आणि मोठं आसन ठेवा. स्वयंपाकघर, शौचालयं, कार्यालय हे सगळं मागच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकाच्या आणि बैठकींच्या खोलीत, किंवा रविवारच्या शाळेच्या खोलीत करा. जवळजवळ प्रत्येक चॅपेलाला अशी जोडखोली असते आणि ती याच कामांसाठी बांधलेली असते. ऊब हवी तर आख्खी खोली न तापवता बसण्याच्या जागेपुरती तापवा. भिंतींना आतून प्लॅस्टिकचे थर लावून ओल कोंडू नका.

हे घडायचं तर तीन गोष्टी बदलाव्या लागतील. दुरुस्ती आणि घरांत रूपांतर यांवरचा कर निदान सारखा करा. विक्रीत सर्वात वरच्या बोलीखेरीज पर्याय नाही असं विश्वस्तांना वाटू नये, म्हणून खोली राखणाऱ्या खरेदीदाराला कमी किमतीत देण्याची वाट स्पष्ट शब्दांत मोकळी करा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. संरक्षित इमारतींच्या यादीत कायद्याने इमारत सहसा आतून-बाहेरून सगळीच संरक्षित असते. पण जुन्या नोंदी उघडून पाहा. दर्शनी भिंतीच्या खांबांवर, कमानींवर, खिडक्यांच्या चौकटींवर दहा-बारा ओळी असतात आणि शेवटी पुष्कळदा एकच वाक्य : आतून पाहणी केलेली नाही. नियोजन अधिकाऱ्यापुढे फ्लॅटचा अर्ज येतो तेव्हा त्याच्या हाती हाच कागद असतो. गॅलरीचा त्यात उल्लेखच नसेल तर तिच्यासाठी तो भांडणार कशावर? एका चॅपेलची आतली पाहणी म्हणजे दोन माणसं, मोजपट्टी, कॅमेरा आणि एक दिवस. विक्रीची पाटी लागण्याआधी ही पाहणी पुरी करून नोंदीत घातलीच पाहिजे, असा नियम उद्यापासून करता येईल.